चाचा, तुम्ही सुई उचलली नाहीत

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार. मोबाइल तुम्हाला फक्त उचलायला आणि ठेवायला येतो, हे तुम्हीच सांगितलंत. त्यामुळं हे पत्र तुमचा नातू वाचून दाखवील असं धरून लिहिते आहे. बाळा, मधलं काही गाळू नकोस. ज्यांच्यावर मी चिडले आहे तो भाग तर जरा मोठ्यानं वाच.

गेल्या गुरुवारी तुमच्या मिरजेतल्या दुरुस्तीच्या दुकानातून निघताना मी नुसतं 'येते' म्हणाले. त्याहून जास्त काही बोलता येईना. मिरजेहून सांगलीला येताना बसमध्ये डोळ्यांतून पाणी थांबेना, तेव्हा शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, 'दवाखान्यातनं आलाय काय?' मिरजेहून रडत येणारं माणूस दवाखान्यातूनच आलेलं असणार, हे आपल्याकडं ठरलेलं. मी मान हलवली. एक रेकॉर्ड ऐकून रडते आहे असं कुठल्या तोंडानं सांगणार?

तुम्ही मला काही विचारलं नव्हतंत, म्हणून आता सांगते.

आमचं घर गावभागात. २००५ चं पाणी जिथवर चढलं होतं तिथं माझ्या वडलांनी, अण्णांनी, भिंतीवर निळ्या खडूनं रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेच्या वर हातभर जागा सोडून फळी ठोकली आणि तिच्यावर आपल्या रेकॉर्डी मांडल्या. बँकेतल्या माणसाचा हिशेब, चुकणार कसा! २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईनं तो मोडला. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागला मावशीकडं होतो. परत आलो तेव्हा फळी जागेवर होती, पण रेकॉर्डींच्या कव्हरांची लापशी झाली होती. १९ रेकॉर्डी, सगळ्यांच्या रेघांत गाळ.

बाबूजी आणि अरुण दाते प्रत्येक घरात असतात, तसे आमच्याकडंही होते. पण अण्णांचा खरा जीव त्या इंग्रजी रेकॉर्डींत. ७४ ते ७८ अशी चार वर्षं ते मुंबईला बदलीवर होते. पगार झाला की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जाऊन एक रेकॉर्ड घ्यायची आणि उरलेला महिना वडापाववर काढायचा. बीटल्स, सायमन आणि गारफंकल, कार्पेंटर्स, ॲबा. त्या तबकड्या सांगलीत आल्या आणि गल्लीत 'अण्णांचं इंग्रजी कोकलणं' म्हणून प्रसिद्ध झाल्या.

त्यातली बीटल्सची 'ॲबी रोड' त्यांची सर्वांत लाडकी. तिच्या कव्हरवर चार माणसं ओळीनं रस्ता ओलांडताहेत, तुम्हाला माहीत आहेच. तो फोटो लंडनला काढला ८ ऑगस्ट १९६९ ला. आमच्या घरात ते कव्हर पाण्याखाली होतं ते २०१९ च्या ८ ऑगस्टला. बरोबर ५० वर्षं. आमच्या गल्लीत त्या दिवशी रस्ता ओलांडायला बोट लागत होती.

आता चिडायचा भाग.

पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी फ्रिज लिहिला, गाद्या लिहिल्या, टीव्ही लिहिला. मी म्हटलं, 'रेकॉर्डी पण गेल्यात.' त्यांनी दचकून विचारलं, 'कसलं रेकॉर्ड? जमिनीचं?' त्यांना मी सोडून देते, त्या आठवड्यात त्यांना झोप नव्हती. पण सांगलीतल्या ज्या दुकानदारानं आमचा प्लेयर चार महिने ठेवून घेतला आणि परत देताना आतली सुईच काढून घेतली, त्यांना मी का सोडू? 'त्यात सुई नव्हतीच,' म्हणाले. ४० वर्षं त्या यंत्रात काय वाजत होतं मग? पुण्याच्या एका जुन्या रेकॉर्डींच्या व्यापाऱ्याला फोन केला, तर त्यानं 'कव्हर नाही म्हणजे किंमत शून्य' एवढं म्हणून फोन ठेवला. किंमत मी विचारलीच नव्हती हो. स्वच्छ कशा करायच्या एवढंच विचारलं होतं. आणि आमच्याच नात्यातले एक संगीतप्रेमी, गणपतीत गाण्याच्या भेंड्यांचं सूत्रसंचालन करतात, ते म्हणाले, 'अगं, सगळं मोबाइलवर आहे. फेकून दे ती भंगारं.' अण्णा तिथंच खुर्चीत बसले होते. काही बोलले नाहीत. उठून आत गेले.

पुढच्या वर्षी अण्णा गेले. रेकॉर्डी गोणपाटात गुंडाळून पोटमाळ्यावर होत्या. २०२१ चं पाणी आलं तेव्हा मी पहिल्यांदा ते गाठोडं उचललं, आणि का उचललं ते मलाही सांगता आलं नसतं.

तुमचं दुकान मला कसं सापडलं ते तुम्ही जाणताच. तंबोऱ्याच्या तारा आणायला आले होते, भाचीसाठी. गल्लीत भोपळे वाळत घातलेले, रंधा मारल्याचे आवाज, आणि मधेच एका दुकानातून कार्पेंटर्सचं गाणं! मी तिथंच उभी राहिले. सतार-तंबोऱ्यांच्या गल्लीत, जिथं उरुसाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं, तिथं हे कोण लावून बसलंय? तर तुम्ही. डोळ्याला भिंग लावून ॲम्प्लिफायर उघडून बसलेले.

तबकड्या तुम्ही कशा धुतल्यात ते इथं लिहीत नाही, तो तुमचा हुन्नर आहे. एवढंच सांगते की 'फेकून द्या' हे शब्द तुमच्या तोंडून एकदाही आले नाहीत. पहिल्या दिवशी गोणपाट सोडल्यावर तुम्ही त्या चिखलाकडं पाहून म्हणालात, 'पाणी रेकॉर्डीला मारत नाही, बेटा. माणसं मारतात.' मग १५ दिवसांनी बोलावलंत.

आणि गुरुवारी तुम्ही 'ॲबी रोड'ची दुसरी बाजू लावलीत.

मला वाटलं, चालते का ते बघायला एखादं मिनिट लावाल. तुम्ही दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंत, स्टूल पुढं केलंत आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिलात. २२ मिनिटांची ती बाजू. मधे एक गिऱ्हाईक वाकून आत डोकावलं, त्याला तुम्ही बोटानंच 'नंतर' सांगितलंत.

मी इतकी वर्षं या गाण्यांची चाहती म्हणवते, पण खरं सांगायचं तर मोबाइलवर तुकडे खाणारी. त्या बाजूचं पहिलं गाणं बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनचं, उन्हाचं, ते मी हजारदा ऐकलंय. प्रवासात, भांडी घासताना. पण मधे जिथं ताल एकदम लंगडतो तिथं तुम्ही मांडीवर बोटं वाजवलीत आणि पुटपुटलात, 'तिहाई आहे की.' आणि मला ते पहिल्यांदा ऐकू आलं! तीनदा येतं आणि समेवर पडतं. रविशंकरांकडं शिकलेला माणूस तो, मिरजेच्या माणसाला त्याची चोरी नाही सापडणार तर कुणाला! पुढं ती अर्धीमुर्धी गाणी एकमेकांत मिसळत जातात, एक पुरं व्हायच्या आत दुसरं त्याच्या खांद्यावर हात ठेवतं. एकेकटी ऐकली तर वाटतं, हे काय, दीड मिनिटात संपलं? सलग ऐकली की कळतं, कीर्तनात बुवा एका अभंगातून दुसऱ्यात शिरतात तसं आहे हे. शेवटाकडं रिंगोचा ड्रम एकटा वाजतो, मग तिघं गिटारवाले पाळीपाळीनं सवाल-जवाब करतात. चौघांचं आपसात फाटलेलं होतं त्या दिवसांत. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच लेननने बाकीच्यांना 'मी चाललो' म्हणून सांगितलं होतं. वाजवताना मात्र तसं कुठं जाणवत नाही.

मग 'दी एंड' संपलं. आणि माझा हात आपोआप पुढं गेला.

चाचा, लहानपणी हे माझं काम होतं. त्या शेवटच्या सुरावर मी सुई उचलायची. सांगलीत सुया मिळायच्या नाहीत, मुंबईहून मागवायला लागायच्या, त्यामुळं रिकाम्या रेघांत सुई झिजवायची नाही असा अण्णांचा नियम. आठ-नऊ वर्षांची मी प्लेयरपाशी दबा धरून बसायचे आणि बरोब्बर उचलायचे. त्याची शाबासकी मिळायची. गुरुवारी तोच हात गेला. आणि तुम्ही तळवा वर केलात.

'थांब बेटा. अजून संपलं नाही.'

खरखर चालू. मी तुमच्या तळव्याकडं बघत उभी. मला वाटलं, तुम्हाला रेघा तपासायच्या आहेत. आणि मग धाडकन एक सूर, आणि पॉल मॅकार्टनी एकटा, गिटार घेऊन, इंग्लंडच्या राणीबद्दल काहीतरी खट्याळ गुणगुणत उजवीकडून डावीकडं चालत जातो. २३ सेकंद. आणि शेवटचा सूर लागायच्या आत तुटतं.

ती रेकॉर्ड माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या घरात होती. मी ते गाणं कधीही ऐकलं नव्हतं. कारण सुई मी उचलायचे.

तुम्ही हसलात. तो तुटलेला सूर पुरा करायला म्हणून भिंतीवर टांगलेल्या अर्धवट सतारीची तार नखानं छेडलीत. ती भलतीकडंच लागली, आणि तुम्ही असं तोंड केलंत की मला हसू आणि रडू एकदम आलं. त्याच क्षणी शटर वर करून तुम्ही त्या ताटकळलेल्या गिऱ्हाइकाशी इस्त्रीच्या कॉइलबद्दल बोलायला लागलात, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून. ते माझ्या लक्षात आलं, चाचा.

रात्री घरी येऊन मी त्या गाण्याचा शोध घेतला. 'हर मॅजेस्टी' त्याचं नाव. मूळ ते त्या गाण्यांच्या मालिकेच्या मधेच होतं. मॅकार्टनीला तिथं आवडलं नाही, 'काढा आणि फेका' म्हणाला. स्टुडिओत जॉन कुर्लँडर नावाचा एक तरुण टेप ऑपरेटर होता. बीटल्सचं काहीही फेकायचं नाही, असं त्याला वरिष्ठांनी बजावलेलं. त्यानं तो कापलेला तुकडा उचलला आणि टेपच्या अगदी शेवटी, थोडी कोरी फीत सोडून, चिकटवून ठेवला. पुढं ऐकताना ते अचानक वाजलं आणि मॅकार्टनीला तसंच आवडलं. सुरुवातीचा तो धाडकन सूर म्हणजे आधीच्या गाण्याचा शेवटचा सूर, कापताना याच्याबरोबर आलेला. आणि याचा स्वतःचा शेवटचा सूर पलीकडं राहून गेला. पहिल्या कव्हरांवर त्याचं नावसुद्धा छापलेलं नव्हतं.

म्हणजे लंडनमध्येही एकाला कुणीतरी 'फेकून दे' म्हणालं होतं, आणि त्यानं फेकलं नाही.

तुमच्यासारखी माणसं कुठून येतात, हा प्रश्न मला पुरातही पडला होता. पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत कुठल्याशा गावाहून भाकऱ्यांचा टेंपो आला. एका बाईनं कापडात बांधलेल्या भाकऱ्या आणि ठेचा हातात ठेवला, नाव विचारलं तर 'राहू दे की' म्हणून पुढं गेली. मदत करून फोटो काढणारेही त्या आठवड्यात पुष्कळ पाहिले, त्यांचे बोर्ड अजून चौकात आहेत. त्या बाईचा चेहराही नीट आठवत नाही, भाकरीची चव मात्र आठवते. तुम्ही तर नऊ रेकॉर्डी धुऊन साध्या कागदी पाकिटांत घालून दिल्यात आणि प्रत्येकीवर बॉलपेननं देवनागरीत लिहिलंत: 'कारपेंटर्स, बाजू १ चांगली.' 'आबा, चौथ्या गाण्यात अडकतं, माफी.' गाळ कृष्णेनं घातला आणि माफी तुम्ही मागताय! ॲबाचं 'आबा' झालेलं मला फार आवडलं. आमच्या आबांच्या फोटोशेजारीच ते पाकीट ठेवलंय.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. अण्णांना ते गाणं माहीत होतं का? मुंबईच्या खोलीत, पहिल्यांदा रेकॉर्ड आणल्या रात्री, त्यांनी सुई उचलली नसेल आणि ऐकलं असेल. की दुकानात सुयांचे भाव ऐकून पहिल्या दिवसापासूनच नियम केला असेल? आईला विचारलं. आई म्हणाली, 'मला काय माहीत, मला सगळी सारखीच वाटायची.'

पैशांचं असं की तुम्ही सांगितलेले ६०० रुपये मी दिले. पण प्लेयरला घातलेल्या नव्या सुईचे तुम्ही लावले नाहीत हे घरी आल्यावर कळलं. ते येताना आणते, नको म्हणू नका. जयसिंगपूरचा भडंगही आणते, त्याला तरी नाही म्हणणार नाही तुम्ही.

राहिलेल्या दहांपैकी एका तबकडीचं लेबल दोन्ही बाजूंनी पार धुऊन गेलंय, एक अक्षर नाही. आता प्लेयर चालतोय, घरी लावून बघता आली असती. लावलेली नाही. रविवारी तिलाच घेऊन येते. शटर अर्धं ओढून ठेवा, चहा मी सांगेन.

तुमची,
गावभागातली, गोणपाटवाली