पद्मदुर्ग न दाखवता परत आणल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘दोन जलदुर्ग, दोन किनारे’ या मुरूड सहलीतील त्रुटी व रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मी आणि माझे वडील आपल्या कार्तिक महिन्यातल्या दोन दिवसांच्या सहलीला आलो होतो. जेवणखाण, खोली, काशीदचा किनारा याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार पद्मदुर्गाची आहे. त्याच्या होडीचे माणशी 900 रुपये आपण वेगळे घेतले होते.

वडील 72 वर्षांचे आहेत. चाळीस वर्षे त्यांनी गवंडीकाम केले. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी कासा बेटावर बांधलेल्या पद्मदुर्गाच्या तटात लाटांनी दगड झिजले, पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. “दगड जातो आणि चुना राहतो? हे मला हाताने बघायचंय,” असे ते वर्षभर म्हणत होते. एवढ्यासाठी मी आपली सहल निवडली.

आपल्या पत्रकात वद्य दशमीला सकाळी 8 वाजता पद्मदुर्ग, मग जंजिरा असे छापले आहे. आम्ही सातलाच तयार होतो. अलिबागहून दुसरे पाहुणे घेऊन येणारी आपली बस दहाला आली. मग क्रम उलटा करून आधी राजपुरीला नेले. शिडाच्या होडीतून जंजिऱ्यावर पोचलो, तर फक्त पाऊण तास. एकोणीस बुरुजांचा किल्ला, त्यात वडिलांचे गुडघे दुखरे. कलालबांगडी तोफेजवळ टेकतो तोच हाकारे सुरू झाले. तरी तेवढ्यात त्यांनी तटाची एक दरज अंगठ्याने चाचपून पाहिली आणि दूर पाण्यात दिसणाऱ्या पद्मदुर्गाकडे बोट दाखवून म्हणाले, “आता तिकडे.”

दीड वाजता आपल्या माणसाने सांगितले, ओहोटी लागली, होडी जाणार नाही. नावाड्याला मी स्वतः विचारले. तो म्हणाला, “ताई, सकाळी यायला पाहिजे होतं, आता पाणी उतरलं.” त्याचे काही चुकले नाही. भर पाण्यात माणसे नेणारा तो, त्याने नाही म्हटले तर आपण ऐकायचेच.

परत आल्यावर फोन केला, तेव्हा आपल्या कार्यालयातून उत्तर मिळाले की भरती-ओहोटी आमच्या हातात नाही, पैसे परत मिळणार नाहीत. हे मला मान्य नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही ठाऊक असते. दशमी म्हणजे साडेसात. त्यानंतर सहा तासांनी, दीडच्या सुमारास, पूर्ण ओहोटी असणार हे सहल आखतानाच कळत होते. म्हणजे पत्रकातली आठची वेळ बरोबर होती. ती मोडली आपल्या बसने. त्याचा दोष समुद्रावर टाकू नका.

बसमध्ये वडील काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “पुन्हा कुठे जमतंय.” ते ऐकून मी हे पत्र लिहायला बसले.

माझी मागणी अशी: आमच्या दोघांचे 1,800 रुपये परत करावेत. किंवा, आणि मला हेच जास्त हवे आहे, पावसाळ्यासाठी होड्या बंद होण्याआधी आम्हा दोघांना भरतीची वेळ पाहून पद्मदुर्गावर न्यावे आणि तिथे निदान दीड तास द्यावा. पुढच्या प्रत्येक सहलीची वेळ स्थानिक नावाड्याला विचारून ठरवावी आणि पत्रकावर तिथीसह छापावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्याचीही तयारी आहे.

वडिलांना उन्हाचा त्रास होतो, तेव्हा तारीख कळवताना सकाळची भरती असलेला दिवस निवडावा.

आपली,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, सहलीचे पत्रक