न रडणाऱ्या मुलांकडेही बघा

माननीय बालविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पाळणाघरात मुलं सांभाळते. तपासणीला येणारे अधिकारी खेळणी मोजतात, खोलीचं माप घेतात आणि न रडणारं मूल दिसलं की 'छान रुळलंय' असा शेरा मारतात. त्या शेऱ्याबद्दल हे पत्र आहे.

आमच्याकडे सव्वा वर्षाची एक मुलगी होती. संध्याकाळी आई दारात आली तरी ती मान वर करायची नाही, ठोकळ्यावर ठोकळा रचत राहायची. फक्त रचलेला मनोरा त्याच वेळी हमखास पडायचा. तिच्याच वयाचा एक मुलगा मात्र आई दिसली की भोकाड पसरायचा, तिला घट्ट बिलगायचा आणि दोन मिनिटांत पुन्हा खेळायला पळायचा. माझ्या मते रुळला होता तो.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या मुलांना आईपासून काही मिनिटं दूर ठेवून, ती परतल्यावर मूल काय करतं हे पाहिलं. ज्यांचा आईशी बंध सुरक्षित, म्हणजे भरवशाचा होता, ती बहुतेक मुलं आईकडे झेपावली आणि शांत झाली. काहींनी तोंड फिरवलं. पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा वरवर शांत दिसणारी ही मुलंही आतून ताणाखाली असलेली आढळली. रडून कुणी येत नाही, हे ती शिकलेली असतात.

यात आईला दोष देऊ नका, कळकळीने सांगते. त्या मुलीला आमच्याकडेच सहा महिन्यांत चार ताया बदलून मिळाल्या होत्या.

आणि वेळ हातात असतो. रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये २००० साली अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून त्यांना घरी सांभाळणाऱ्या पालक-कुटुंबांत दिली गेली. दोन वर्षांची होण्याआधी घर मिळालेल्यांत सुरक्षित बंध जास्त जुळले.

म्हणून पाळणाघर असो की बालगृह, प्रत्येक मुलामागे एक ठरलेली व्यक्ती असावी, असा नियम करा. तिला टिकून राहावंसं वाटेल एवढा पगार द्या. ती सोडून जाणार असेल, तर नवी ताई आधी काही दिवस तिच्या सोबत असू द्या.

त्या मुलीला आम्ही एकाच ताईकडे सोपवलं. तीन महिन्यांनी ताई दोन दिवस रजेवर गेली आणि मुलगी पहिल्यांदा मोठ्यांदा रडली. ताई परतली तेव्हा दोन्ही हात वर करून तिच्याकडे धावली. तपासणीच्या अर्जात हे लिहायला एक रकाना द्या.

आपली,
एक पाळणाघर सेविका