हातातला मोबाइल आणि कलम 184 : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर 2024 मध्ये आपण लोकसभेत सांगितलंत की परदेशातल्या परिषदांमध्ये रस्ते अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावं लागतं. आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या अपघाताविषयीही त्याच वेळी बोललात. खात्याचा मंत्री सभागृहात उभा राहून आपल्याच खात्याच्या अपयशाबद्दल इतकं सरळ बोलतो, हे सहसा घडत नाही. म्हणूनच गाडी चालवताना हातात राहणाऱ्या मोबाइलचा विषय थेट आपल्यापुढे मांडतो आहे.

कायदा नाही अशी तक्रार मी करणार नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 184 मध्ये हातात धरून मोबाइल वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग ठरवलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 21 प्रमाणे लायसन्सवरही टाच येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने तर 2015 सालीच राज्यांना बजावलं होतं की या गुन्ह्यासाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा.

आणि तरी कुठल्याही शहरातल्या कुठल्याही सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून बघावं. हेल्मेटमध्ये कानापाशी खोचलेला फोन, खांदा आणि गाल यांच्यात दाबलेला फोन, रिक्षाच्या हँडलवर चालू असलेला व्हिडिओ, स्टिअरिंगच्या खाली मांडीवर ठेवून टाइप होत असलेला मेसेज. यातला नेमका कोणता प्रकार गुन्हा आहे? हेल्मेटमधला फोन हातात नसतो. हँडलवरचाही नसतो. लाल सिग्नलला गाडी उभी असताना मेसेज वाचला तर ते ‘गाडी चालवताना’ धरायचं की नाही? कलम 184 यावर काहीच सांगत नाही. 1 ऑक्टोबर 2020 पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायची मुभा मिळाली, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. हेतू योग्यच होता, नकाशाशिवाय आता कुणाचं पान हलत नाही. पण लक्ष विचलित झालं की नाही हे चौकातल्या हवालदाराने ठरवायचं कशावरून? पकडलेला प्रत्येक जण ‘मॅप बघत होतो’ म्हणतो आणि तिथेच विषय संपतो.

संदिग्ध कायदा कोर्टात टिकत नाही, हे इतरत्र दिसून आलं आहे. 2018 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की गाडी चालवताना फोनवर बोलणं एवढ्यावरून केरळ पोलीस कायद्याखाली गुन्हा होत नाही, त्यामुळे लोकांना धोका झाल्याचं दिसलं पाहिजे. तो कायदा वेगळा होता, पण सुटायची वाट हीच. ब्रिटनमध्ये 2019 साली अपघाताचं चित्रीकरण करत गाडी चालवणारा एक जण कोर्टातून सुटला, कारण तिथल्या कायद्यात तेव्हा संपर्कासाठी केलेल्या वापरावरच बंदी होती. सरकारने तो धडा घेतला. 25 मार्च 2022 पासून तिथे फोन हातात घेऊन फोटो काढणं, गाणी चाळणं, गेम खेळणं, सगळंच गुन्हा आहे, सिग्नलला गाडी थांबलेली असली तरी. दंड 200 पौंड आणि लायसन्सवर 6 पॉइंट. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर तेवढ्याने ते रद्दच होतं. आपल्याकडे दंडाचे आकडे वाढवताना ही स्पष्टता मात्र राहून गेली.

हात मोकळा असला म्हणजे धोका टळला, हाही समज आता सोडायला हवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताची शक्यता सुमारे चौपट असते, आणि हँड्सफ्री वापरल्याने ती फारशी घटत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. मेसेज वाचायला पाच सेकंद लागले तर ऐंशी मीटरहून अधिक रस्ता न बघता मागे गेला. तेवढ्या अंतरात शाळेचं फाटक असतं, झेब्रा क्रॉसिंग असतं, दूध आणायला निघालेलं म्हातारं माणूस असतं.

साहेब, आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपला कायदा फोन उचलणाऱ्याला धरतो. पण ज्याच्या धंद्यामुळे तो फोन सतत वाजत राहतो, त्याला कायदा विचारतच नाही. जेवण आणि किराणा पोचवणारी मुलं बघा. गाडी धावत असताना स्क्रीनवर नवी ऑर्डर येते आणि ती घ्यायची की नाही हे काही सेकंदांतच ठरवावं लागतं. घेतली नाही तर रेटिंग आणि इन्सेन्टिव्ह यांची धास्ती. त्यात ग्राहकाचा फोन येतो, ‘कुठपर्यंत आलात?’ फोन न बघता हे काम होऊच शकत नाही, कारण कामाची मांडणीच तशी केली आहे. मग दंडाची पावती कुणाच्या नावाने निघते? त्या मुलाच्या. दिवसभराची कमाई एका पावतीत जाते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच स्क्रीनकडे बघत गाडी हाकतो. दंड दुप्पट केला तरी हे बदलणार नाही.

बदलू शकणारं एक हत्यार आपल्या हातात आहे. कलम 93 प्रमाणे ॲग्रीगेटर कंपन्यांना, म्हणजे ॲपवरून भाडं मिळवून देणाऱ्यांना, राज्य सरकारचं लायसन्स लागतं आणि त्याच्या अटींसाठी केंद्राला मार्गदर्शक सूचना काढता येतात. गाडी चालू असताना चालकाच्या ॲपवर नवं भाडं दाखवायचं नाही, ही अट त्या सूचनांत आजही घालता येईल. गाडी धावते आहे की थांबली आहे हे त्या ॲपला जीपीएसवरून प्रत्येक क्षणी कळत असतं, तेव्हा तांत्रिक अडचण कुणी पुढे करू नये. मात्र कायद्यातली ॲग्रीगेटरची व्याख्या प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणाऱ्यांपुरती आहे. जेवण, औषधं, भाजी पोचवणाऱ्या कंपन्या तिच्या बाहेर राहतात आणि रस्त्यावर सर्वांत जास्त घाईत असलेली दुचाकी त्यांचीच असते. ही व्याख्या रुंद करायला संसदेत जावं लागेल. आपण जावं, अशी माझी विनंती आहे.

दंडवसुलीबद्दल थोडंच लिहितो. कॅमेऱ्यात नंबर प्लेट येते, ई-चलान मालकाच्या नावावर जातं आणि ते भरलं की प्रकरण मिटतं. चालवणारा कोण होता हे कुणी नोंदवत नाही, त्यामुळे लायसन्स निलंबनाची तरतूद पुस्तकातच राहते. माणसं हजार रुपयांना जितकी भितात त्याहून कितीतरी जास्त तीन महिने गाडी बंद होण्याला भितात.

आकड्यांविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं. आपल्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार 2021 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,53,972 माणसं गेली. त्यांत मोबाइलच्या वापरामुळे झालेले मृत्यू 1,040, म्हणजे शंभरात एकही नाही. रोज रस्त्यावर जे दिसतं ते पाहून या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. अपघात झाल्यावर चालक सांगत नाही की मी फोन बघत होतो, आणि कॉल रेकॉर्ड मागवलं तरी त्यात व्हॉट्सॲपचा मेसेज किंवा चालू असलेला व्हिडिओ दिसत नाही. मग ‘अतिवेग’ असं कारण लिहून कागद पुढे सरकतो. जीव गेलेल्या प्रत्येक अपघातात चालकाचा फोन त्या क्षणी वापरात होता का, हे तपासणं बंधनकारक करा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि फक्त त्या काही मिनिटांपुरतंच, कारण माणसाचा सगळा फोन पोलिसांपुढे उघडा पडावा असं मलाही वाटत नाही. ई-डार या सरकारी संगणक प्रणालीत अपघातांच्या नोंदी होतातच, तिथे हे उत्तर भरल्याशिवाय नोंद पूर्ण होऊ नये.

गाडी चालू असताना, सिग्नलला थांबलेली असतानासुद्धा, फोनवर काय चालेल आणि काय चालणार नाही हे नियमांत उदाहरणांसह लिहून काढणं आपल्या मंत्रालयाला एका अधिसूचनेने जमेल. ॲग्रीगेटरच्या लायसन्सची अट मार्गदर्शक सूचनांत घालणंही आपल्याच हातात आहे. या दोन्हींचे मसुदे हरकती आणि सूचनांसाठी कधी प्रसिद्ध होतील, एवढं आपण कळवावं.

आपला नम्र,
रोज गाडी चालवणारा एक नागरिक