सावंतवाडी पाहून आल्यावर

कुडाळ,
रविवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि माझं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायलाच बसले. काल ऑफिसातल्या दोघी मैत्रिणींबरोबर अख्खा दिवस भटकले. सकाळी पिंगुळी, मग सावंतवाडी.

आई, तू आधी जेवणाचं विचारशील. सकाळी बाजारात गरम घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी खाल्ली. दुपारी सावंतवाडीत एका घरगुती खानावळीत बांगड्याचं तिखलं होतं. त्यात तिरफळं घातलेली, म्हणून रस्सा ताटात पडायच्या आधीच त्याचा वास आला. मावशींना विचारलं, तर त्यांनी आत नेऊन डबाच उघडून दाखवला. आतली काळी बी काढून टाकायची, टरफल नुसतं ठेचायचं आणि शेवटी घालायचं, वाटायचं नाही. जिभेला हलक्या मुंग्या येतात आणि बांगड्याचा उग्रपणा कुठल्या कुठे जातो. वर सोलकढी. मी तीन वाट्या प्यायले.

पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी पाहिली, म्हणजे चित्रं दाखवत कथा गायची कला. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ना, त्यांचंच गाव. त्यांच्या घरच्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलंय. चित्रांची पोथी असते. दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, एक चित्र संपलं की पान उलटायचं आणि पुढची कथा गायची. रामायणातला एक प्रसंग त्यांनी आमच्यासमोर उभा केला. बाहुल्याही पाहिल्या, कळसूत्री आणि चामड्याच्या. सावंतवाडी संस्थानाने या लोकांना आश्रय दिला होता, म्हणून हे टिकलं. रात्र रात्र देवळात गाणाऱ्यांच्या घरातली मुलं आज तीच कथा शिकताहेत, हे पाहून मला फार भरून आलं.

बाबा, आता तुमच्यासाठी. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे पत्ते, हाताने रंगवतात ते आम्ही बराच वेळ बसून पाहिलं. गोल पत्ते असतात, तळहातात मावतील असे. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. हुकूम नसतोच. तुम्ही मेंढीकोट खेळताना कुणाकडे काय उरलंय हे सगळं डोक्यात ठेवता, तसं इथे ठेवावं लागतं, फक्त 120 पानांचं. शिवाय राजा-प्रधानाखाली निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि निम्म्या रंगांत एक्का. दिवसा डाव रामाच्या पानाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. हे ऐकताच मला तुमचीच आठवण झाली.

एक ताई एका पानावर मासे काढत होत्या. कुंचला इतका बारीक की टोक जवळजवळ दिसतच नव्हतं. आधी पाठीचा कणा, एका दमात, मग खवले, प्रत्येक खवला वेगळा. खोबणीत बसवलेल्या डोळ्यासारखा एक लाल ठिपका शेवटी. हात थोडासुद्धा हलत नव्हता. जुन्या पद्धतीत पानाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून गुळगुळीत करायचे, वर लाखेचा लेप. मध्यंतरी हे काम जाणणारे म्हातारे चितारी मोजकेच उरले होते. तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवींनी ते पुन्हा उभं केलं. राणीसाहेब स्वतः शिकल्या आणि इतरांना शिकवलं. 2018 साली त्या गेल्या, पण काम चालू आहे. मला वाटतं, कला वाचवायची तर ती शिकणारं कुणीतरी आपल्या घरातलं लागतं. नुसत्या कौतुकाने ती टिकत नाही.

मग चितार आळीत गेलो. पांगाऱ्याच्या लाकडाची केळी, आंबे, वांगी पाहिली. लाकूड इतकं हलकं की फळ हातात घेतल्यावर मी दचकलेच. आई, तुझ्या हॉलमधल्या टोपलीसाठी एक फणस घेतलाय. बाबांसाठी दशावतारी संच घेतला, छोटा, पण पाने पूर्ण आहेत. संध्याकाळी मोती तलावाच्या कठड्यावर बसून खडखडे लाडू खाल्ले. हा तलाव 1874 चा आहे म्हणे, पाणी अजून छान राखलंय.

आता ऐका. बाबांचे गुडघे दुखतात, हे मला माहीत आहे, पण राजवाड्यात बसायला जागा आहे आणि मी रिक्षा सांगून ठेवते. चिपळूणहून मांडवी एक्सप्रेस पकडा, दिवसाची गाडी आहे, मी स्टेशनवर असेन. खालच्या बर्थची दोन तिकिटं मीच काढते, फक्त तारीख कळवा. आई, बरोबर बांधलेलं काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं. बाबांची डोळ्यांची औषधं तेवढी विसरू नको. आणि बाबा, संच मी उघडणार नाही. पहिला डाव तुम्हीच टाकायचा.

तुमची,
मनू