चिमाजी आप्पा आपले की त्यांचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलगी सहावीत आहे, शाळेत 'माझा आवडता वीर' असा प्रोजेक्ट दिलाय. चार्ट पेपर आणून तीन दिवस झाले तरी त्याची गुंडाळी सुटेना, आणि परवा जेवताना बाईसाहेबांनी विचारलं, पप्पा, चिमाजी आप्पा आपले की त्यांचे?

आम्ही वसईचे कॅथलिक. घास हातातच राहिला. हे 'आपले' आणि 'त्यांचे' तिच्या डोक्यात कुठून आलं याचा अंदाज आहे, मे महिना आला की बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी आप्पा यांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली त्या विजयाच्या पोस्ट फिरायला लागतात आणि खाली कोणीतरी लिहितंच की इथल्या ख्रिश्चनांना काय वाटत असेल बुवा. अहो, काय वाटायचंय? पोर्तुगीज सामान बांधून गेले, आम्ही इथेच राहिलो, आमची बोली इथलीच, विहीर इथलीच, आडनाव तेवढं त्यांचं.

तिला म्हटलं, आधी आपल्यात वीर कोणाला म्हणतात ते ऐक. संत मार्टिन रोमन सैन्यात होता, बाप पण सैन्यातलाच. चौथ्या शतकातली गोष्ट, आत्ताच्या फ्रान्समधल्या अमिएं शहराच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला, पैसे तर जवळ नव्हते, मग त्याने तलवार काढली आणि अंगावरचा झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला. बघणारे काही जण हसले म्हणे, अर्ध्या झग्यात दिसत कसा असेल ते बघा ना. पुढे लढाईच्या आदल्या दिवशी त्याने सांगितलं मी ख्रिस्ताचा शिपाई, मला लढता येणार नाही, तेव्हा वरचे म्हणाले भित्रा आहेस, तर हा म्हणाला ठीक आहे, उद्या मला बिनहत्याराचा सगळ्यात पुढे उभा करा. आणि असा माणूस आमच्यात सैनिकांचा आश्रयदाता संत आहे! चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, हा शब्दसुद्धा त्याच्या त्या झग्याच्या लॅटिन नावावरून आलाय, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं.

आता दुसरीकडे पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्क. छातीवर क्रूस, तोंडात देवाचं नाव. 25 नोव्हेंबर 1510 ला, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी त्याने गोवा घेतला, मग शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली, बायका-पोरंसुद्धा सोडली नाहीत, आणि राजाला पत्रात सहा हजारांचा आकडा कळवला. त्या विजयाची आठवण म्हणून कॅथरिनच्या नावाने चॅपल बांधलं. मार्टिनच्या झग्याचं नाव असलेला शब्द, आणि तो कुठे जाऊन लागला बघा. ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये अल्बुकर्कचा भलामोठा ब्राँझचा पुतळा आहे, सुट्टीत गेलो होतो तेव्हा लोक त्याच्यासोबत सेल्फी काढत होते. तो आमच्या धर्माचा होता म्हणून आमचा वीर झाला, हे मला जमणार नाही. पोर्तुगिजांनी इथे देवळं पाडली, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून छळणारं चर्चचं न्यायालय, आणलं, ते झाकून मी मुलीला काय शिकवू?

आणि चिमाजी आप्पा. 1737 ला मोहीम सुरू झाली, 1739 च्या मे महिन्यात वसईचा कोट पडला. सुरुंग, तोफा, तटाखाली मराठ्यांची माणसं ढिगाने पडली, एवढी माणसं घालवल्यावर सैन्याचा राग कुठल्या थराला गेला असेल. तरी तहात काय आहे? हरलेल्या सैन्याने हत्यारं घेऊन, वाजतगाजत बाहेर पडावं, रयतेने आपली चीजवस्तू न्यावी, जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा. शत्रूवर प्रीती करा हे आम्ही चर्चमधल्या मिस्सामध्ये, म्हणजे प्रार्थनेत, ऐकतो आणि पार्किंगमध्ये विसरतो. चर्चच्या घंटा नेल्या हे खरंय, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया अजून दिसते. मी बघितलीय. राग नाही आला, वाजवावीशी वाटली.

किल्ल्यात संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला आम्ही दरवर्षी जातो. हा पोरगा वसईचाच, 1597 ला जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर बांधून भाल्यांनी मारला, हातात कधी काठी पण नव्हती. आणि त्याच किल्ल्यात चिमाजी आप्पांचा पुतळा पण आहे. म्हणून मला तो आपले-त्यांचे प्रश्न जरा विचित्रच वाटतो.

तर संपादक साहेब, वसईवर पुरवणी काढाल तेव्हा लढाईसोबत तहाची कलमं पण छापा एवढीच विनंती, तटाला शिड्या लावलेलं चित्र सगळ्यांना पाठ आहे, कलमं कोणी वाचलेली नाहीत.

चार्ट काल रात्री झाला एकदाचा. वर चिमाजी आप्पा, खाली मार्टिन. झगा तिने लाल घोटीव कागदाचा कापलाय, अर्धाच चिकटवलाय, उरलेला अर्धा फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे, टाकू नका म्हणालीये.

आपला,
एक वाचक, वसई