ग्राउंडवर पळा म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर वाशीच्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की रविवार उजाडला की कुठली ना कुठली मॅरेथॉन, रस्ते बंद, रिक्षा मिळत नाही, आईला डॉक्टरकडे न्यायचं तर अख्खा वळसा, आणि शेवटी त्यांचं म्हणणं की या लोकांना पळायचंच असेल तर ग्राउंडवर पळा ना बाबा, रस्त्यावर कशाला. मी नेरूळला राहते, पन्नाशीला आलेय, नोकरी करून बरीच वर्षं पळतेय, फुल मॅरेथॉनसुद्धा, आणि तरी सांगते की काकांच्या पत्रातला अर्धा भाग मला पटला. रेस खरंच फार झाल्यात. जो उठतो तो टी-शर्ट छापतो, मेडल बनवून घेतो, दहा किमीचे हजार-दीड हजार घेतो, स्टेजवर झुंबा, पाहुण्यांची भाषणं, आणि आम्ही मागे थंडीत (म्हणजे आपल्याकडची जी काय थंडी) कुडकुडत उभे. यातल्या निम्म्या बंद झाल्या तरी आमच्या ग्रुपमधलं कोणी रडणार नाही.

पण ग्राउंडवर पळा हे काही जमत नाही हो. का ते सांगते, कारण आमच्या सोसायटीतले लोकपण मला हेच विचारतात, लिफ्टमध्ये.

फुल मॅरेथॉन म्हणजे 42.195 किमी, हा असा विचित्र आकडा म्हणजे 1908 च्या लंडन ऑलिम्पिकची कृपा. एवढं अंतर एका दिवसात कोणी उठून पळत नाही, पळाला तर पुढचा आठवडा जिना उलटा उतरतो. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे तयारी सप्टेंबरअखेर सुरू करावी लागते, साधारण सोळा आठवडे. आठवड्यातून चार दिवस, त्यात तीन दिवस छोटं पळणं ऑफिसच्या आधी उरकायचं आणि रविवारी लाँग रन. हा लाँग रन पंधरा-सोळा किमीपासून वाढवत वाढवत डिसेंबरपर्यंत तीस-बत्तीसवर न्यायचा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे परत कमी करत आणायचा. तीसच का, तर शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन साधारण तिथपर्यंत पुरतं, त्यानंतर पाय ऐकत नाहीत, डोकं चालत नाही, यालाच आमच्यात वॉल लागली म्हणतात. त्या हद्दीपर्यंत आधी जाऊन यायचं, वाटेत काय खाल्लं की पोटाला चालतं ते बघायचं (कुणाला पाकिटातली एनर्जी जेल चालते, मला खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की), हे सगळं रेसच्या आधीच करून ठेवावं लागतं. आता ग्राउंडचा ट्रॅक असतो 400 मीटरचा. तीस किमी म्हणजे 75 फेऱ्या. एकाच बाजूला वळत. करून बघा एकदा, गुडघा नंतर आणि डोकं आधी जाईल. शिवाय रेस रस्त्यावर असते, चढ असतात, मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाचं नाव काढलं की मुंबई पळालेल्या माणसाचा चेहरा बघा जरा. त्या चढासाठी आम्ही पारसिक हिलला जातो, ठाण्याचे लोक येऊरला जातात, ग्राउंडवर चढ कुठून आणायचा.

फुटपाथ म्हणाल तर दर दुकानापुढे उंची बदलते, पेव्हर ब्लॉक निघालेले, मध्येच डीपी बॉक्स, मध्येच झाड, अंधारात तिथे पळणं म्हणजे घोटा मुरगळून घेण्याची हमी. मग उरतो रस्ता.

बरं एवढ्या पहाटे का, उजाडल्यावर पळा की, हा दुसरा प्रश्न. माझ्यासारख्या सावकाश पळणाऱ्या बाईला किमीला साडेसात मिनिटं लागतात, म्हणजे तीस किमीला पावणेचार तास. साडेचारला सुरू केलं तर सव्वाआठला संपतं. आपल्याकडे ऑक्टोबरात आठ वाजता काय ऊन असतं ते सांगायला नको, आणि उन्हापेक्षा वाईट ती खाडीकाठची दमट हवा. घाम येतो पण तो सुकत नाही, अंगावरून नुसता ओघळतो, आणि अंग थंड होतं ते घाम सुकल्यावर, नुसता येऊन नाही. त्यामुळे त्याच स्पीडला हार्ट रेट वर वर जात राहतो. म्हणून पहाट. सूर्य ऑक्टोबरात साडेसहाच्या आसपास उगवतो आणि जानेवारीत सव्वासातच्या, म्हणजे आमचे दोन-अडीच तास पूर्ण अंधारात जातात.

आता तो अंधार कुठला, तर पामबीच रोडचा. वाशीपासून बेलापूरपर्यंत साधारण दहा किमी सरळ रस्ता, एकदा जाऊन परत आलं की वीस, नवी मुंबईत लाँग रनसाठी याच्यासारखा दुसरा रस्ता नाही. एका बाजूला खारफुटी, वारा, सीझनमध्ये फ्लेमिंगो. आणि हाच रस्ता सरळ असल्यामुळे शनिवारची रात्र संपवून घरी निघालेल्या गाड्यांनाही फार आवडतो. आम्ही उजव्या कडेने पळतो, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, डोक्याला टॉर्च, पण पट्टीवर गाडीचा लाईट पडेपर्यंत ती चमकत नाही आणि शंभर-सव्वाशेच्या स्पीडला लाईट पडल्यावर उरतं किती. त्यात मधले काही पट्टे असे की दिवेच बंद असतात, किंवा उजाडायच्या आधीच जातात. 2023 मध्ये वरळी सी फेसला रविवारी सकाळी पळायला गेलेल्या एका बाईंना गाडीने उडवलं, त्या गेल्या. ते फौजा सिंग, 89 व्या वर्षी लंडन मॅरेथॉन पळालेले, पासपोर्टवर वय 114, जुलै 2025 मध्ये आपल्याच गावाजवळच्या रस्त्यावर गाडीच्या धडकेने गेले. घरून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न किती किमी झाले हा नसतो, कुठे आहेस हा असतो.

आणि आता ती गोष्ट, जी पुरुषमंडळींच्या पत्रांत कधीच नसते. संडास.

पावणेचार तास पळायचं म्हणजे पाणी पीत राहायचं, आणि पाणी प्यायलं की जायला लागतं. पुरुष झाडाकडे तोंड करून मोकळे होतात (ते पण चूकच, पण होतात). आम्ही काय करायचं? पहाटे पाचला सार्वजनिक शौचालयाला कुलूप असतं, बागा उघडलेल्या नसतात, मॉल तर दहाशिवाय नाही. पेट्रोल पंपावर संडास आणि पाणी फुकट मिळायला हवं असा नियम आहे, त्यामुळे आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक बाईला या पट्ट्यातले सगळे पंप तोंडपाठ, कुठे कडी लागते, कुठे चावी मागावी लागते, कुठे चावी ज्याच्याकडे असते तो झोपलेला असतो. मग बायका काय करतात, तर पाणीच पीत नाहीत. आदल्या रात्रीपासून कमी पितात. दमट हवेत तीस किमी आणि पाणी नाही, डॉक्टरला विचारा हे किती शहाणपणाचं आहे. पाळीच्या दिवसांत तर लाँग रन सरळ रद्द, किंवा घराभोवती दोन-दोन किमीच्या चकरा, म्हणजे घर जवळ राहील. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन 1984 ला सुरू झाली, त्याआधी म्हणे बायकांना झेपणार नाही. पळणं झेपतंय हो, कुलूप झेपत नाही.

आमच्या ग्रुपमधली एक मुलगी नर्स आहे, नाईट संपवून येते. एपीएमसी मार्केटमध्ये काम करणारा एक दादा आहे, तो आम्हा सगळ्यांपेक्षा फास्ट आणि बूट सगळ्यात जुने. बँकेतून रिटायर झालेले एक काका शनिवारी रात्री स्कूटरवर जाऊन डिव्हायडरच्या झुडपात पाण्याच्या बाटल्या लपवून येतात आणि सकाळी त्यातल्या एक-दोन कोणीतरी उचललेल्या असतात. अशा लोकांना वाशीच्या काकांनी हौशी म्हटलंय, ते बरोबरच आहे, आम्ही हौशीच, बक्षीस कोणालाच मिळणार नाहीये.

रेसच्या दिवशी मात्र बघा काय थाट. दर दोन-तीन किमीला पाण्याचं टेबल, फिरते संडास, अॅम्ब्युलन्स, पोलीस, दिवे. हे सगळं एका सकाळसाठी, आणि तीच माणसं तोच रस्ता आधीचे चार महिने धडपडत तुडवत असतात तेव्हा चिटपाखरू नाही.

म्हणून माझी मागणी वाशीच्या काकांनाही चालेल अशी आहे. रस्ता बंद करू नका. ऑक्टोबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, फक्त रविवारी, पहाटे साडेचार ते साडेसात, पामबीचच्या एका बाजूच्या तीन लेनपैकी एक लेन ट्रॅफिकचे कोन लावून वेगळी करा, गाड्यांना दोन लेन राहतातच. हे काही जगावेगळं नाही, कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी शंभरावर किमी रस्ते गाड्यांना बंद ठेवतात, ते पण दुपारी दोनपर्यंत, आणि लांब कशाला, 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी मरीन ड्राइव्हसकट काही रस्त्यांवर रविवारी सकाळी गाड्या बंद ठेवून संडे स्ट्रीट सुरू केलं होतं. आम्ही एक लेन मागतोय. तीन तास.

त्या वेळेत रस्त्यावरचे दिवे सूर्य उगवेपर्यंत चालू ठेवा आणि वाटेवरची दोन-तीन सार्वजनिक शौचालयं रविवारी साडेचारला उघडा, आत बल्ब आणि आतून लागणारी कडी पाहिजे. हे संबंधितांनी करावं, संबंधित म्हणजे नक्की कोण ते त्यांनी आपापसात ठरवावं, आम्ही विचारायला गेलो की या ऑफिसातून त्या ऑफिसात पाठवतात.

आणि पैसे कुठून आणायचे म्हणाल तर रेसच्या परवानगीत एक अट टाका. ज्याला या रस्त्यावर रेस घ्यायचीय त्याने आधीचे आठ रविवार इथे एक पाण्याचं टेबल आणि दोन फिरते संडास ठेवायचे, स्वतःच्या खर्चाने, रजिस्ट्रेशन केलंय की नाही हे न विचारता, कुणी मॉर्निंग वॉकवाली आजी आली तरी तिला वापरू द्यायचं. ज्यांना फक्त टी-शर्ट आणि स्टेज करायचंय ते आपोआप गळतील, आणि काकांचे रविवार मोकळे होतील.

आमच्या लोकांनाही एक सांगते, चार-चार जण शेजारी शेजारी गप्पा मारत पळू नका, दोन्ही कानांत इअरफोन घालू नका, जेलची पाकिटं खिशात ठेवा. सकाळी झाडायला येणाऱ्या मावशींनी ती का उचलायची. लेन मागायची तर लेनमध्ये राहायला शिकलं पाहिजे.

पुढचा सीझन सप्टेंबरअखेर सुरू होईल. तोपर्यंत कोणा अधिकाऱ्याला खरी परिस्थिती बघायची असेल तर कुठल्याही रविवारी पहाटे पावणेपाचला सानपाड्याच्या मोराज सर्कलला यावं, पळायची गरज नाही, गाडीत बसून बघितलं तरी चालेल. बाईमाणूस अधिकारी असतील तर फारच बरं, आणि येताना घरून पाणी पिऊन या.

आपली,
एक वाचक, नेरूळ