आईला पाणी प्यायला सांगणाऱ्या मुकादमांस

आदरणीय मुकादम,
सप्रेम नमस्कार.

त्या रात्रीच्या धांदलीत आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. आपल्या ओळखीचे कुणी वाचेल आणि आपल्यापर्यंत पोहोचवेल.

सांगलीच्या गावभागातील आमच्या गल्लीची ड्रेनेज लाइन जुन्या चिनी मातीच्या पाइपांची आहे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी इथली काळी माती, त्यात कृष्णेच्या 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांचे पाणी, या सगळ्याखाली ते पाइप इतकी वर्षे टिकले हेच नवल. त्या दिवशी रस्ता खचला आणि घाण पाणी मोरीतून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. त्याआधी दोन महिन्यांत आम्ही तीनदा तक्रार केली होती. तिन्ही वेळा मशीन आले, जेटिंग (पाण्याचा जोरदार दाब सोडून पाइप साफ करणे) झाले, मोबाइलवर ‘तक्रार निकाली काढली’ असा संदेश आला आणि आठवडा उलटायच्या आत मोरी पुन्हा तुंबली. ज्यांनी खुर्चीत बसून त्या तक्रारी निकाली काढल्या, त्यांच्याविषयी अधिक लिहून हे पत्र मला नासवायचे नाही.

आपण आलात आणि प्रथम दोन्ही चेंबरची झाकणे उघडलीत. वरचे काठोकाठ भरलेले, खालचे जवळजवळ कोरडे. “हा चोकअप न्हाई, मधला पाइप बसलाय. जेटिंगच्या प्रेशरनं उलट आतली माती धुऊन गेली,” एवढेच आपण म्हणालात. दोन महिने जे कुणाला उमगले नाही, ते आपण पाच मिनिटांत सांगितलेत. वरच्या चेंबरमधले पाणी पंपाने खालच्या चेंबरमध्ये सोडून मधला रस्ता खोदायला घेतलात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. “एखादा माणूस आत उतरवला तर लवकर होईल,” असे म्हणणारा मीच होतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने हे काम माणसाकडून असे करून घ्यायला बंदी आहे, हे पेपर रोज वाचणाऱ्या मला ठाऊक असायला हवे होते, आणि खरे तर ठाऊक होतेही. आपण चिडला नाहीत. “वास येत न्हाई म्हंजी ग्यास न्हाई, असं नसतंय सायेब,” असे शांतपणे सांगून आपल्या पोरांना चेंबरपासून चार पावले मागे घेतलेत. गटारातला तो विषारी वायू जास्त असला की आधी नाकच बधिर करतो, हे मी नंतर वाचले. आपल्या हाताखालच्या माणसांचा जीव आपल्याला माझ्या सोयीपेक्षा मोठा वाटला, याबद्दल आपले आभार मानताना मान खाली जाते.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. माझी आई ब्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी अधू. शेजारच्या संडासापर्यंत जाणे तिला जमत नाही, म्हणून सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. हे आम्हा घरच्या माणसांच्या ध्यानात आले नाही. संध्याकाळी सुनेने पुढे केलेला चहा तिने दोनदा नाकारला, तेवढे आपण दारातून पाहिले असावे. रात्री दीड वाजता नवा पाइप जोडून झाला, वरून बादलीभर पाणी सोडून ते खालच्या चेंबरमध्ये पोहोचल्याची आपण बॅटरी मारून खात्री केलीत आणि मग आमची कडी वाजवलीत. मला वाटले, कागदावर सही हवी असेल. आपण उंबऱ्याबाहेरच उभे राहिलात, कोपरापर्यंत चिखल, आणि आत पाहून म्हणालात, “आज्जी, लाइन चालू झाली. आता पानी प्या पोटभर.”

आई पलंगावर उठून बसली. तिने तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवेपर्यंत आपण तिथेच थांबलात.

आपल्याला घरात बोलवायचे मला त्या वेळी सुचले नाही. आईने मात्र दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न तोच केला. तरी आपल्या पोरांना घेऊन एकदा दिवसाउजेडी यावे. चहा आतल्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी बसून घ्यायचा आहे, असा तिचा निरोप आहे.

आपला ऋणी,
गावभागातील एक रहिवासी